गच्चीवर खिडकीची जागा

सगळ्यात आधी कोण उगवलं असेल, सांग बघू. व्याही नाहीत, विहीणबाई नाहीत, इस्त्रीवाला. पाहुणे यायला अजून अवकाश होता. मी नुकते बरे कपडे अंगावर चढवून गच्चीवर येऊन उभी होते, आपली सजावट आपणच डोळे भरून बघत, आणि हा माणूस धापा टाकत जिना चढून आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "आजी, पडदे काढा."

पण थांब. पत्र असं मधूनच सुरू केलेलं बघून तू म्हणशील, थोरलीला कधी वळण लागायचं नाही. तर माझ्या धाकटीला थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? (डावा ना? की उजवा? मागच्या वेळी डावा लिहिला होतास आणि फोनवर उजवा म्हणालीस. दोन्ही असतील तर तसं सांग, लपवू नकोस.) तुझ्या मोठ्या घरात गार वाटत असेल. आमच्याकडे दुपारी खोलीत बसलं की भाकरीसारखं एका अंगाने भाजून दुसऱ्या अंगावर वळावं लागतं. बाकी आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि हे खुशाल मी या वेळी रीत म्हणून लिहीत नाही. खरंच खुशाल आहोत. काल रात्री मी कुशीवर वळले ती सकाळीच उठले, असं सुनेचं लग्न झाल्यापासून घडलं नव्हतं.

तुला माहीतच आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही. आपला पोरगा लिफ्टा दुरुस्त करतो आणि ही मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ती लिफ्टमध्ये अडकली, तो वरून दोर आणि पाना घेऊन आला, आणि लिफ्ट सुटेपर्यंत दोघं एकमेकांचं तोंड न बघता बोलत राहिली. तोंड बघितलं तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. तिचे वडील शाळेत कवायत शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, निवृत्त झाले तरी सावधानमध्येच उभे असतात. आपल्याला न विचारता मुलीने लिफ्टवाला पसंत केला म्हणून त्यांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. विहीणबाई चोरून येऊन जायच्या, मास्तरांनी पाऊल टाकलं नाही. नात झाली तरी नाही. आणि मागच्या आठवड्यात एकदम निरोप आला, दोघं येतो, मुलीला (म्हणजे नातीला) बघतो, पाणी पितो आणि निघतो. निरोपात आमच्या सुनेचं नावसुद्धा नव्हतं. ती तेव्हापासून नीट जेवली नाही. मला म्हणाली, "आई, ते माझ्याशी बोलले नाहीत तर तुम्ही मध्ये पडू नका. एकदा येऊ देत फक्त." आता मी मध्ये न पडणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. पण मी शब्द दिला. पोरीचा चेहराच तसा झाला होता. या खेपेला बिनसलं असतं तर पुन्हा ते यायचे नव्हते, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

म्हणून तू पाठवलेला तो गुळगुळीत रंगीत अंक मी बाहेर काढला. उन्हाळ्यात घरच्या घरी पाहुणचार आणि सोपी सजावट. (मला बारीक छापील अक्षरं दिसली की दम लागतो, म्हणून मी चित्रंच वाचली, पण चित्रं नीट वाचली.) त्यातल्या बाईने लिहिलं होतं म्हणे, पाहुण्यांना उघड्यावर बसवा, पांढरे झुळझुळीत पडदे लावा, काचेच्या भांड्यात पाणी घालून पिवळी लिंबं सोडा, मेणबत्त्या ठेवा, आणि आसनं गोलाकार मांडा म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसून गप्पा रंगतात. हे शेवटचं मला सुनेने वाचून दाखवलं आणि वाचता वाचता तिने अंक मिटला. चेहरे दिसण्याचीच तर तिला धास्ती होती. पण मी म्हटलं, छापलं आहे म्हणजे विचार करूनच छापलं असेल.

पडदे म्हणून मी इस्त्रीहून आलेल्या पांढऱ्या चादरी दोरीवर लावल्या, मावळतीच्या बाजूला, कारण संध्याकाळी तिकडून ऊन थेट डोळ्यांत घुसतं. चादरी आमच्यापेक्षा जास्त पांढऱ्या वाटल्या खऱ्या, पण मला वाटलं इस्त्रीवाल्याने नीळ चांगली घातली. प्रत्येकीच्या कोपऱ्यात निळं गोल फूल होतं. मी ती सगळी फुलं मुद्दाम पुढे, एका ओळीत, माणसाच्या नजरेला येतील अशी लावली. चष्मा स्वयंपाकघरात होता. इस्त्रीवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं की ते फूल नाही, बाळंतपणाच्या दवाखान्याचा शिक्का आहे, गठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे, आणि तिकडे खाटा उघड्या पडल्या आहेत. तुझ्या दाजींना विचारलं, तुम्ही तर सकाळपासून इथेच आहात, तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येतं. तर म्हणाले, "मी वाचलं. मला वाटलं तुला माहीत आहे." या माणसाबरोबर मी जन्म काढला, धाकटे.

इस्त्रीवाला चादरी खांद्यावर टाकून गेला आणि उन्हाने गच्चीत उडी घेतली. मेणबत्त्या मी दुपारीच मांडून ठेवल्या होत्या (हौस, दुसरं काय). त्या उकाड्याने कमरेतून वाकून जमिनीला टेकल्या होत्या, जणू पाहुणे आत्ताच आले. लिंबं तेवढी भांड्यात शहाण्यासारखी तरंगत होती. तुझे दाजी येता-जाता विचारत होते, ही धुऊन विकायची आहेत का.

आणि आता आसनं. मी भाड्याच्या खुर्च्या सांगणार होते, तर यांचा अपमान झाला. मी जिवंत असताना खुर्च्या भाड्याने? बसच्या डेपोत सीटा शिवण्यात त्यांचा जन्म गेला हे तू जाणतेस. तिथे मोडीत काढलेल्या बाकड्यांतली चांगली निवडून त्यांनी आणून ठेवली होती, ती ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं माझा शाप खात पडली होती. ती काढली, फोम बदलला, वर नवं हिरवं कापड ताणून शिवलं. शिवण अशी की कौतुक करावंसं वाटलं (केलं नाही). मी बजावलं, गोल मांडा हं, गोल. हो म्हणाले. मी खाली कलिंगड कापायला गेले. वर येऊन बघते तर काय, सीटा एकामागे एक, दोन-दोनच्या, सगळ्यांची तोंडं मावळतीकडे, मधोमध माणूस जाईल एवढी वाट, आणि सगळ्या लांब फळ्यांवर नटबोल्टने आवळून पक्क्या. गच्चीवर बस उभी होती, नुसती टपाशिवायची. मी म्हटलं, अहो, गोल. म्हणाले, गोल कशी लावणार, सीट गोल लागतच नाही. बरं, मग बोल्ट काढा. तर म्हणाले, हललं आणि कोणी पडलं तर जबाबदार कोण? आणि वर ही मधली वाट कशाला, असं विचारलं तर माझ्याकडेच असं बघितलं, जशी काही मी पहिल्यांदाच बसमध्ये चढते आहे. आम्ही असे एकमेकांकडे बघत उभे होतो तेवढ्यात खालून दार वाजलं.

मास्तर जिन्यावरून आले ते पावलं मोजून टाकल्यासारखे. विहीणबाई मागे. सून दारात उभी होती, तिच्यासमोरून ते गेले ते समोर बघतच गेले. तिने ओठ दाताखाली धरला. मी तोंडात कलिंगडाची मोठी फोड कोंबली, कारण शब्द दिला होता आणि तोंड रिकामं असलं की माझा शब्द टिकत नाही. मास्तर गच्चीवर आले, थांबले, सीटांच्या ओळीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मान तिरकी करून एक डोळा मिटून परत बघितलं आणि म्हणाले, "ओळ सरळ आहे."

आमच्या घरातले त्यांचे पहिले शब्द. तुझे दाजी इतके फुलले की त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "पुढे चला, पुढे जागा आहे." आणि मास्तर खरंच पुढे गेले आणि पहिल्या सीटवर आतल्या बाजूला, मधल्या वाटेपासून लांब, ताठ बसले. बस म्हटली की माणसाला बरोबर कळतं काय करायचं. विहीणबाई हुशार, त्या पटकन दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी घुसल्या. आपला पोरगा शेजारच्या जागेवर ताडपत्रीचा गठ्ठा ठेवून सगळ्यात मागे लपला. यांनी नातीला मधल्या वाटेत सोडून कंडक्टरसाठी म्हणून वेगळी ठेवलेली एकट्याची सीट पकडली. सून सरबताचा ट्रे घेऊन आली, सगळ्यांना दिलं, आणि बघते तर बसायला एकच जागा उरलेली, वडिलांच्या शेजारी. ती उभीच राहिली. तुझे दाजी लगेच म्हणाले, "उभं राहू नका, बसून घ्या." डेपोतली सवयच ती. ती बसली.

आता ऐक. मी बरोबर मागे. मागच्या सीटवरून किती ऐकू येतं, ते तुला माहीत आहे, आपण दोघींनी लहानपणापासून तेच केलं आहे. दोघं समोर बघत बसलेली. ऊन थेट तोंडावर. पडदे नाहीत, चेहरे बघायची सोय नाही, एकमेकांकडे बघायचं कारणही नाही. नात सीटांच्या दांड्या धरून धरून मधल्या वाटेतून चालायला लागली होती. (घरात दोन पावलांवर बसकण मारते, इथे हाताला दांडी लागली आणि तुरुतुरु सुटली. सून रोज सांगायची, हिला धरायला काहीतरी हवं.) तिने भांड्यात हात घालून लिंबं काढली आणि प्रत्येक रांगेत थांबून एकेकाच्या हातात लिंबू दिलं. मला दिलं, विहीणबाईंना दिलं, मग पुढे जाऊन आजोबांना दिलं. ओलं लिंबू, नवा सदरा. मास्तरांनी ते तिकिटासारखं नीट वरच्या खिशात ठेवलं.

विहीणबाईंनी माझा हात असा दाबून धरला होता की लिंबाचा रस निघायचा. आणि मास्तर समोर बघतच, अगदी हळू म्हणाले, "खिडकीची जागा हवी का तुला?"

सून म्हणाली, "अं?"

"बसमध्ये तुला मळमळतं," मास्तर म्हणाले. "इकडे वारा लागतो. ये इकडे."

गच्चीला खिडकी नाही, धाकटे. गच्चीला भिंतच नाही, तर खिडकी कुठली असणार. पण ते उठले, ती उठली, सरबताचे पेले सांभाळत दोघांनी जागा बदलली आणि पुन्हा समोर बघत बसली. मग ती म्हणाली, "आता नाही मळमळत, बाबा." ते म्हणाले, "कधीपासून?" तिने सांगितलं, कधीपासून. मग त्यांनी विचारलं लॅबमध्ये जायला बस कुठली, बसायला मिळतं का, हा (म्हणजे मागे लपलेला आपला पोरगा) घरात मदत करतो का, आणि ती सांगत गेली. पाणी पिऊन निघणार होते. कलिंगड संपलं, सरबत दोनदा झालं, तरी कोणी उठेना. मास्तर मधूनच रुमालाने डोळे पुसत होते आणि म्हणत होते, "काय ऊन आहे तुमच्याकडे." आम्ही सगळे म्हणालो, हो, फार ऊन आहे. तुझे दाजी तर नाक शिंकरत म्हणाले, या उन्हाचं काहीतरी केलं पाहिजे. माझा शब्द मी पाळला. सगळा वेळ गप्प होते, विचार हवं तर विहीणबाईंना, पण त्यापायी अर्धं कलिंगड मीच संपवलं.

रात्री सून स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच जेवायला लागली आणि दोन वेळा वाढून घेतलं. मी बाजूला बसून बघत होते. एवढं बरं मला तिच्या बाळंतपणानंतरच वाटलं होतं.

तू जप. गुडघ्याला तेल लाव, दोन्ही.

तुझी थोरली

ता. क. तुझा अंक परत पाठवायला हवा, पण गच्चीला उतार असल्यामुळे तुझ्या दाजींनी पुढच्या फळीखाली तो घडी घालून ठेवला आहे. सीट हलत नाही. तेव्हा तू त्याची आशा सोड.

ता. क. दुसरं. विहीणबाईंनी विचारलं, ही अशी बसण्याची पद्धत कुठली. मी सांगितलं, नवीन आहे, माझ्या बहिणीने पाठवलेल्या अंकात आली आहे, मी मुद्दाम तशी मांडायला लावली. तुझ्याशी बोलल्या तर हो म्हण. यांना यातलं काही कळू देऊ नकोस, नाहीतर खोलीतला पलंगसुद्धा बोल्टने आवळतील.

ता. क. तिसरं, आणि याच्यासाठीच मुळात लिहायला बसले होते. तू त्या मोठ्या घरात राहायला गेलीस तेव्हा यांनी हौसेने दोन जणांची एक सीट शिवून दिली होती. तू ती अडगळीच्या खोलीत चादरीखाली ठेवली आहेस, मला माहीत आहे, मी राग धरलेला नाही. ती लगेच पाठवून दे. मास्तर या वेळी आपल्या मोठ्या मुलाला आणि त्याच्या बायकोला घेऊन येणार आहेत आणि मागच्या रांगेत जागा कमी पडते. पडदे लावू का, असं मी जाताना विचारलं, तर नको म्हणाले, आणि दारात पुन्हा वळून बजावून गेले की उशीर करायचा नाही, येत्या रविवारी, ऊन डोळ्यांवर असतानाच येतो.