आप्पांचा आडवा दगड

मंगळवार, दिवेलागणीला

आप्पांच्या समाधीचा दगड घेऊन आज रुद्रभूमीत गेलो आणि तसाच परत आणला. नवा नियम आहे म्हणे. दगड उभा करायचा नाही, जमिनीसरसा आडवा टाकायचा. गवत कापायचं यंत्र वरून गेलं पाहिजे. राखणदार म्हणाला, "पावणं, नियम सगळ्यास्नी एकच हाय." त्याच्यावर उगाच ओरडलो. त्याचा काय दोष?

पण वडील आडवे कुठं आहेत? आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर फरशी कशी टाकायची? परत येताना गाडीवर सारखं तेच दिसत होतं, आप्पा बसलेत.

अव्वाला भीत भीत सांगितलं. ती जोंधळे निवडत होती. वाटलं, आई रडेल. तिनं मानही वर केली नाही.

"टाक की आडवा. त्येंच्या डोक्यावर नको, म्होरं टाक. मी येऊन बसतो त्येच्यावर."

उद्या राखणदाराला विचारायला हवं, पुढं टाकलेला चालतो का. चालेल बहुतेक.

अव्वा अजून जोंधळेच निवडतेय. मला मात्र ती दोघं दिसताहेत, समोरासमोर बसलेली, मधे नुसतं गवत.