चावी दोन सीटांच्या मधे

आरंभी एक तक्रार नोंदवतो, कारण मेल्यावर ती कोणी ऐकणार नाही. वकीलबाईंनी दिलेल्या छापील नमुन्यात ‘घर’ या शब्दापुढे चार ओळी आहेत, ‘दागिने’पुढे सहा, आणि ‘वाहन’पुढे दीड इंच. दीड इंचात माझी साब मोटार मावत नाही. म्हणून हे मृत्युपत्र मी कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहीत आहे. इंग्रजी प्रत वकीलबाईंकडे आहे. तीत फक्त टोमणे गाळले आहेत.

मी, उल्हास त्र्यंबक घैसास, वय ५८, भूलतज्ज्ञ, राहणार नॉटिंगहॅम, मूळचा वाईचा, कोणाच्याही दडपणाखाली नसताना जाहीर करतो की या माझ्या अखेरच्या इच्छा आहेत आणि यापूर्वीची सगळी मृत्युपत्रे रद्द आहेत. शुद्ध शाबूत असल्याचा पुरावा: वडिलांच्या पाठशाळेत पाठ केलेले संस्कृत ‘गम्’ धातूचे दहाही लकार, म्हणजे सगळ्या काळांची रूपे, मी आज दाढी करताना न अडखळता म्हटले. दोनदा.

कलम १. घर पत्नी शैला हिचे. गॅरेज रिकामे झाल्यावर तिथे आरसे लावून योगवर्ग काढायचे तिने ठरवले आहे, हे मला ठाऊक आहे. मापेसुद्धा घेऊन झाली आहेत. मी आत, गाडीखाली असताना घेतली.

कलम २. शिल्लक आणि पेन्शन शैला व मुलगी उर्वी यांना समसमान. व्यवस्थापक उर्वी.

कलम ३. माळ्यावरचे सुटे भाग. साब कंपनीने गाड्या बनवणे थांबवल्यापासून मी ते युरोपभरातून जमवले. ते ओनर्स क्लबला द्यावेत. अपवाद एक. हेडलाइट पुसणारे छोटे वायपर या गाडीला असतात, त्यांतला डावीकडचा तेवढा मेडनहेडच्या अंशुमनला द्यावा. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, त्या संध्याकाळी या माझ्या मित्राने फोन केला: “उल्ह्या, तेराव्याला काय करतोयस? जेवायला येऊ का?” पाठीमागे त्याची बायको हसत होती. उजवा वायपर त्याला कधीही, कोणीही देऊ नये.

कलम ४. ‘साब: उदय आणि अस्त’ हे माझे चारशे बारा पानांचे हस्तलिखित इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाला. अध्यक्षा कल्याणीताईंनी ते एकदा वाचायला नेले होते. “फारच अभ्यासपूर्ण हो!” म्हणून परत केले. चहाच्या कपाचा गोल अकराव्या पानावर आहे. पुढची चारशे एक पाने कोरी करकरीत. तेव्हा अट अशी, की दरवर्षी गणपतीत आरतीनंतर आणि प्रसादाआधी ताईंनी स्वतः तिसरे प्रकरण उभ्याने वाचावे. त्यात येते ते असे: १९३७ साली ही स्वीडिश मंडळी विमाने बनवायला बसली. महायुद्ध संपले, विमानांना गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून त्यांनी मोटार काढली. ती आखणाऱ्या सोळा जणांत लायसन्स दोघांकडेच होते, असे म्हणतात. पहिल्या गाड्या सगळ्या हिरव्या, कारण विमानांचा रंग उरला होता, असेही म्हणतात. साठीच्या दशकाअखेर त्यांनी चावीची जागा स्टिअरिंगजवळून काढून दोन सीटांच्या मधे नेली, कारण अपघातात चावी गुडघ्यात घुसते. पुढे टर्बो आला. मग अमेरिकन मालक, मग डच मालक, मग काहीच नाही. विमाने मात्र अजून बनतात. प्रसादाला उशीर झाला तर होऊ द्यावा.

कलम ५. गाडी, साब ९००, १९९१ची, उर्वीला. उर्वी केंब्रिजला बॅटऱ्यांवर संशोधन करते. तिला फोनवर सांगितले तेव्हाचा संवाद जसाच्या तसा:

“बाबा, तो गाडी डेड आहे. त्याचा कंपनी पण डेड आहे.”

“मीही होणार आहे. मगच मिळेल.”

“आय डोंट वॉन्ट इट, बाबा. पार्किंग नाहीये माझ्याकडे.”

“मग केंब्रिजमध्ये सायकलींच्या रांगेत लाव. आणि गाडी ‘ती’ असते. सत्तावीस वर्षं सांगतोय.”

ती विकेल. विकावी. पण आधी एकदा चालवावी.

कलम ६. मेहुणे राजेंद्र यांना काहीही नाही. त्यांना मी साक्षीदार केले आहे, कारण या देशाच्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून दमडी मिळत नाही. कारण पुढीलप्रमाणे. १९९८ साली शैलाला कळा सुरू झाल्या, तेव्हा मी थिएटरमध्ये कोणाला तरी भूल देत होतो. राजेंद्र सांगलीहून या देशात राहायला येऊन आठवडा झाला होता. त्यांनी कळांनी भान हरपलेल्या बहिणीला साबमध्ये बसवले आणि स्टिअरिंगखाली अकरा मिनिटे चावीचे भोक शोधले. टॉर्च लावून. शेवटी टॅक्सी आली. उर्वी सुखरूप झाली आणि मला एक गोष्ट मिळाली. ती मी प्रत्येक बारशाला, प्रत्येक दिवाळीला, उर्वीच्या पदवीदानाच्या जेवणातसुद्धा सांगितली, साभिनय: जीभ बाहेर, उजवा हात स्टिअरिंगखाली, “ताई, या गाडीला भोकच नाही गं!” सगळे हसत. राजेंद्रही हसत. एकदाच, कोट घालताना हळू म्हणाले, “दाजी, पुढच्या वेळी राहू द्या की.” पुढच्या वेळी मी टॉर्चही घेऊन गेलो.

चावी कुठे लागते हे मी त्यांना सांगितले नव्हते, हा तपशील मी सत्तावीस वर्षे गाळत आलो.

कलम ७. सही करण्याआधी राजेंद्रने एवढेच कलम वाचावे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी शैलाला डेंटिस्टकडे सोडायला निघालो. गाडीत बसलो. उजवा हात स्टिअरिंगखाली गेला आणि चाचपडत राहिला. किती वेळ, ते सांगता येत नाही. शेजारून शैला हसली. “पुरे आता ती नक्कल! बिचाऱ्याला किती वर्षं छळणार आहात?” मग तिने दोन सीटांच्या मधे बोट ठेवले. मीही हसलो. जीभ बाहेर काढून दाखवली.

मी नक्कल करत नव्हतो.

त्यानंतर दोनदा झाले. दोन्ही वेळा एकटा होतो. लकार सगळे येतात. पण लहानपणचे पाठांतर सर्वांत शेवटी जाते, हे डॉक्टराला कळते, त्यामुळे तो पुरावा वर दिला असला तरी फारसा धरू नये.

पुढची सूचना मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलबाई म्हणतात. तरी लिहितो. राजेंद्र, मी पुन्हा तसा चाचपडताना दिसलो, तर माझ्याकडून चावी काढून घे. मी भांडेन, शिव्या देईन, तरी घे. गिअर रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय ती निघत नाही. या वेळी आधी सांगून ठेवतो आहे.

शैलाला अजून काही सांगितलेले नाही. चावी कुठे लागते ते मी विसरेन, मग गाडी कोणाची ते, आणि मग शेजारच्या सीटवर कोण बसले आहे ते. मला त्याची भीती वाटते.

नॉटिंगहॅम, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

सही: उल्हास त्र्यंबक घैसास

आम्हां दोघांच्या देखत वरील सही झाली व त्यांच्या देखत आम्ही सह्या केल्या:

१. राजेंद्र शंकर माईणकर, डार्बी (कलम ७ वाचले.)

२. विलास कांबळे, शेजारी, नॉटिंगहॅम