बावन्नपैकी बावन्न हजर

रेवनबेक, यॉर्कशायर
बुधवार, १६ सप्टेंबर १९८१

ती. एनिडताईस,
सिरिलचा सा. न. वि. वि.

पंधरा दिवसांत तिसरं पत्र, या माणसाला दुसरे उद्योग नाहीत, असं तू म्हणशील. नाहीतच. पण आज बढाई मारायला लिहीत नाही. काल जिल्हा दफ्तरखान्यात आपल्या पणजोबांची, एझ्रा मास्तरांची, शाळेची रोजनिशी अखेर हाती आली. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला. जुनं अक्षर माझं मीच शिकलो, आणि तिथल्या पदवीधर बाईंना न लागलेल्या ओळी मी लावून देतो, हे तुला ठाऊक आहे. काल वाटलं, शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

बुधवार, १२ मार्च १८७९. इन्स्पेक्टरच्या वार्षिक परीक्षेचा दिवस. जितकी पोरं बसतील आणि पास होतील, तितकं शाळेला अनुदान, आणि त्यावर मास्तरांचा पगार. त्यांच्या हातचं जसंच्या तसं उतरवतो: ‘बावन्नपैकी बावन्न हजर. मेटकाफांची चारही मुले तापाने अंथरुणास खिळली होती. मी स्वतः गाडी जुंपून, घोंगडीत गुंडाळून आणली. चौघेही वाचनात पास. साहेब प्रसन्न.’ पुढच्याच सोमवारी, १७ तारखेला: ‘लाल तापाची साथ. डॉक्टरांच्या हुकमाने शाळा बंद.’

तिथून उठून मी आपल्या चर्चची दफनाची वही काढली. एप्रिलअखेरपर्यंत शाळेतली अकरा मुलं. तीनदा मोजली. सगळ्यात धाकटं सहा वर्षांचं.

आणि १८ ऑक्टोबरला त्याच शाळेच्या भिंतीवर मास्तरांच्या नावाची दगडी पाटी बसणार आहे, माझ्याच खटपटीने. ‘मुलांवर माया करणारे गुरुजी’ हे शब्दही माझेच. पाथरवटाने अजून छिन्नी लावलेली नाही. रोजनिशी माझ्याखेरीज कोणी वाचलेली नाही. मी गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? काय करू ते कळव.

लोभ आहेच, एवढं वाचूनही तो उरेल, अशी आशा करतो.

तुझा,
सिरिल

---

लीड्स
रविवार, २० सप्टेंबर

चि. सिरिल यास एनिडताईचे अ. उ. आ.

मास्तरांचा फोटो मी भिंतीवरून उतरवून कपाटात पालथा ठेवला. मग परत लावला. संध्याकाळी पुन्हा उतरवला. आई रोज सकाळी त्या काचेवरून फडकं फिरवायची रे. 

गप्प बसू का, हे तू विचारतोस? पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याची तारीख एका दिवसाने चुकवली, तर भर चर्चमध्ये उभं राहून दुरुस्त करणारा तू. आता स्वतःच्या पणजोबांची पाळी आली, तर छिन्नी थांबवायला हात उचलत नाही?

उत्तर माझ्याकडे मागू नकोस. हॅना मेटकाफकडे जा. त्या चौघांपैकी जो वाचला, तो तिचा बाप. पाटीला पहिली मदत तिनेच केली, हे तूच मला ऐटीत लिहिलं होतंस. तिला अंधारात ठेवून तिच्यासमोर पाटीवरचा पडदा ओढणार असशील, तर मी त्या दिवशी येणार नाही.

तब्येत सांभाळ. रागावले तरी ताईच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
एनिडताई

---

रेवनबेक
रविवार, २७ सप्टेंबर

ती. एनिडताईस,
सा. न. वि. वि.

काल हॅनाबाईंकडे गेलो. चौऱ्याऐंशीच्या आहेत, पण कान तिखट. मी रोजनिशीची नक्कल पुढे ठेवून सुरुवात केली, तर म्हणाल्या, मला कसलं वाचून दाखवतोस, आमच्या घरात ते सगळ्यांना पाठ आहे. गाडीत कोण कुठे निजलं होतं, तेही त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, मग पाटीला मदत कशी केलीत?  त्यांना वाटलं होतं, पाटी मुलांची आहे. शंभर वर्षांनी पिकरिंगांच्या, म्हणजे आपल्या, घरात कोणाला तरी लाज वाटली, असं त्या गावभर सांगत होत्या. ताई, सबंध गावाचा तोच समज आहे. मास्तरांच्या नावाची पाटी एकट्या माझ्याच डोक्यात होती.

मी अकरा नावांची यादी त्यांच्या हाती दिली. त्यांनी बोट फिरवत वाचली आणि मेटकाफांपाशी थांबल्या. “दोनच? रूथ कुठाय? बाबांची मधली बहीण, नऊ वर्षांची.”

मी म्हणालो, वहीत नाही. माझ्या शोधात असं राहून जात नाही.

“इथल्या वहीत कशी असेल? आजीनं तिला इथं पुरूच दिलं नाही. टेकडीपलीकडे, माहेरच्या गावी नेलं. इथल्या कबरस्तानात शाळेची घंटा ऐकू येते.”

 निघताना म्हणालो, मास्तरांचं नाव गाळतो.

“गाळतोस कशाला? शेवटी घाल. गाडी कोणी जुंपली, ते लोकांना कळायला नको?”

आज सकाळी पाथरवटाला नवा मजकूर दिला. बारा नावं, पुढे वयं. खाली एक ओळ: ‘१२ मार्च १८७९ रोजी शिक्षक एझ्रा पिकरिंग यांनी आजारी मुलांना परीक्षेसाठी शाळेत आणले.’ ‘गुरुजी’ हा शब्द काढला. पाथरवटाने दोनदा विचारलं, आडनाव तुमचंच ना? हो म्हणालो.

रूथचा दाखला टेकडीपलीकडच्या चर्चमध्ये मिळेल. मी तो अजून पाहिलेला नाही. न पाहताच नाव कोरायला दिलं.

ताई, १८ तारखेला ये. त्या दिवशी मी एकटा उभा राहू शकेन, असं वाटत नाही.

तुझा,
सिरिल