मशीन चालू असताना

३ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

पोचलो, खोली मिळाली, कामावर रुजू झालो. एवढं पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढून आलो की किल्ली शोधतोय असं दाखवत दाराशी जरा उभा राहतो. कारखाना म्हणजे दातांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या. पुढे मेणात दात बसवायचं टेबल, मागे प्लास्टर आणि घासायचं मशीन. माणसं तीनच: मालकीणबाई, साचे ओतणारे काका आणि मी. समोर कवळ्या ओळीनं दात विचकून बसलेल्या. एवढी तोंडं, पण बोलणारं एकही नाही, त्यामुळे जरा खाकरलं तरी सगळ्यांना ऐकू जातं.

तब्येत कशी असते, असं बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. ठणठणीत, असं मी सांगून बसलो. जुन्या ठिकाणच्या आजारपणाच्या रजांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण त्यांना तिकडे एक फोन करायला कितीसा वेळ लागतो? फोनची घंटा वाजली की मी काम सोडून बाईंच्या तोंडाकडे बघतो. मला काढताना जुने मालक काय म्हणाले होते आठवतं ना, की हा कामाला येतो तो पाहुणा आल्यासारखा. हीही नोकरी गेली तर या वयात मला कोण दारात उभं करणार?

खोकल्यावर मात्र एक तोड काढली आहे. उबळ आली की उठतो, मशीन सुरू करतो आणि त्या घरघरीत खोकून घेतो. कोणाला पत्ता लागत नाही. हसू नकोस.

फोनपेक्षा पत्रच बरं वाटतं हल्ली, निवांत लिहिता येतं. लोभ आहे तेवढा पुरे, काळजी वाढवू नये.

तुझा छोट्या

१० फेब्रुवारी

चि. छोट्यास अ. उ. आ.

निवांत लिहिता येतं म्हणे! मला काय आज ओळखतोस? फोनवर खोकला ऐकू येईल म्हणून हा सगळा पत्रांचा घाट. आणि अरे शहाण्या, तिकडच्या घासकामाच्या भुकटीनं छातीचं वाटोळं झालं, तर खोकला लपवायला तेच मशीन सुरू करतोस? वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. निदान तोंडाला फडकं तरी बांध.

इकडे लॉन्ड्रीत चादरींचे ढीग. दिवसभर इस्त्रीपाशी उभं राहून गुडघ्यांनी संप पुकारलाय. घरी आले की चहा करायचाही कंटाळा येतो, तशीच खुर्चीत बसून राहते. तू असतास तर निदान भांडायला कोणी असतं.

एक सांगते, ते डोक्यात घे. रजा काढून तू गावभर उंडारत नव्हतास. अंथरुणावर उताणं झोपताही येत नव्हतं तुला, बसून झोपायचास. त्याची लाज कसली बाळगतोस? बाईंना सांगून मोकळा हो.

आशीर्वाद आहेतच, सोबत अक्कलही पाठवता आली असती तर बरं झालं असतं.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

एक गंमत झाली. म्हणजे आता गंमतच म्हणायची. मी सारखा मशीनवर दिसतो म्हणून बाईंनी समज करून घेतला, की मला घासकामाची भारी हौस. हे किचकट काम हल्ली कोणाला नको असतं, असं काकांसमोर कौतुक केलं आणि सगळं घासकाम माझ्या गळ्यात मारलं. मेणात दात बसवायला मला घेतलं होतं, ते आता त्या स्वतःच करतात.

दिवसभर पांढरी भुकटी. फडकं बांधतो, पण दुपारपर्यंत ते ओलं होतं आणि मग श्वासच ओढला जात नाही. काल जिन्यात दोनदा बसलो. शेजारच्या बाईंनी काही हरवलंय का म्हणून विचारलं. हो म्हणालो, आणि मग त्या बिचाऱ्या माझ्याबरोबर पायऱ्यांवर शोधत बसल्या.

नको म्हटलं की का ते सांगावं लागेल. का ते सांगितलं की जुन्या रजा निघतील. अजून महिना भरला नाही, एवढ्यात आजारी पडलो तर बाई काय समजायचं ते समजतील. ताई, मी फार दमलो गं. आजारानं नाही, आजार लपवून लपवून. तू मात्र यात पडू नकोस, तुला माझी शपथ आहे.

तुझा छोट्या

२५ फेब्रुवारी

चि. छोट्यास अ. उ. आ.

शपथा मला घालायच्या नाहीत. तुझ्या शपथा मोडूनच मी तुला आजवर औषध पाजलंय. पुन्हा असं झालं तर छाती पहिल्यासारखी व्हायची नाही, हे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. नोकरी दुसरी मिळेल, मला भाऊ एकच आहे.

या आठवड्यात तू बाईंना सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन.

ताई

५ मार्च

ताई,

केलास ना फोन?

तुमच्या बहिणीचा फोन येऊन गेला, असं म्हणून बाईंनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. काका ऐकत होते. चाळिशी उलटलेल्या माणसाची ताई त्याच्या कामावर फोन करते! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई आणखी काही बोलणार तेवढ्यात दवाखान्यातून त्यांना बोलावणं आलं. जाताना मशीन बंद करून गेल्या आणि उद्या सविस्तर बोलू म्हणाल्या. सविस्तर म्हणजे काय ते मला कळतं. तिकडेही असंच पुढच्या खोलीत बोलावलं होतं.

सामान बांधून ठेवलं आहे. घरी येईन असं समजू नकोस. पत्रही लिहू नकोस.

९ मार्च

चि. छोट्यास अ. उ. आ.

लिहू नकोस म्हणालास म्हणूनच लिहिते. फोन केला आणि वेळ आली तर पुन्हा करीन. पण फोन ठेवून तशीच इस्त्रीपाशी गेले. त्या दिवशी एक चादर जाळली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मीही दमले आहे रे. तुझ्या श्वासाकडे कान लावून अर्धं आयुष्य गेलं. तू गेलास तेव्हा मनात आलं, चला, आता जरा झोप लागेल. कसली लागते! घर गप्प असतं आणि मी जागी.

बाई फोनवर फार बोलल्या नाहीत. हे त्यानं मला सांगायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या. आवाज रागावलेला होता. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. शिव्या दे हव्या तर, पण काय झालं ते कळव.

तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि. या खेपेचा नमस्कार जरा जास्त वाकून आहे, असं समज.

रविवारी येतो आहे. नोकरी गेली म्हणून नव्हे, रजेवर येतो आहे. चांगला बरा होईपर्यंत. पुन्हा कामावर गेल्यावर मेणाच्या टेबलाशी बसायचं, मशीनकडे फिरकायचंही नाही, असं बाईंनी बजावलं आहे. मागच्या पत्रात जे लिहिलं ते रागात लिहिलं. तू फोन केलास ते बरं केलंस. माझ्याच्यानं ते झालं नसतं.

बाई चिडल्या होत्या हे खरंच. माणूस माझ्यासमोर घुसमटत होता आणि मी त्याला शाबासकी देत होते, आता मला झोप कशी लागायची, असं त्या मलाच विचारत होत्या. मग मी होता नव्हता तेवढा दम गोळा करून सगळं सांगून टाकलं. जुनं आजारपण, त्या रजा, मला का काढलं ते. आणि आत्ताही रजा लागेल, जमत नसेल तर माझा राग नाही, असंही म्हणालो.

त्यांना सगळं माहीत होतं, ताई. मला घ्यायच्या आधीच त्यांनी जुन्या मालकांना फोन केला होता. मालकांनी माझ्या रजांचा पाढा वाचला. बाईंनी तो ऐकून घेतला. मी ठणठणीत म्हणालो, तेव्हा दुखणं मागं पडलं असेल असं त्यांना वाटलं, एवढंच. मग मला घेतलं कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी तुमच्या मालकांना एकच विचारलं होतं, की इतक्या वेळा रजेवर गेला, तो परत आला का? मालक म्हणाले होते, हो, परत मात्र दरवेळी आला.

तेवढ्यावर त्यांनी मला घेतलं होतं. मी तिथंच स्टुलावर बसून रडलो. काकांनी पाणी आणून दिलं. इतकी वर्षं मी किती वेळा गेलो तेच उगाळत होतो गं. परतही मीच येत होतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

बाकी भेटीत.

तुझा छोट्या