स्वच्छ केलेली कॅसेट

ती. मामांना,

तुमच्या शहाण्या भाचीचा (हे विशेषण तुमचंच, मी शेवटचं वापरून घेते आहे) वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीची चक्कर थांबली का? इकडे आई बरी आहे, मी नाही. हे पत्र उभ्याने वाचू नका. बसा, आणि जमलं तर मामीलाही जवळ बसवून घ्या.

कॅसेटबद्दल लिहायचं आहे. ती हरवलेली नाही, तुटलेली नाही, कोणी चोरलेलीही नाही. (यातलं काहीही झालं असतं तर हे पत्र मी जास्त आनंदाने लिहिलं असतं.)

एकतीस वर्षं तुम्ही ती रुमालात गुंडाळून, लेथच्या सुट्या भागांच्या डब्यात ठेवली होती. मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहून भाषण केलं, की संगीत ही काय डब्यात ठेवायची वस्तू आहे, चांगलं ते चारचौघांनी मिळून ऐकायला हवं, नाहीतर मी शिकले तरी कशाला! तुम्ही म्हणालात, "घरात पहिली पदवी आणलीस, आता माझा डबाही उघडतेस का?" आणि दिलीत. वर एवढंच बजावलंत, "ऐकव सगळ्यांना, पण हातातून सोडू नकोस." मी सोडली, मामा.

मी नोकरीला आहे त्या वाचनालयाचं श्रवण मंडळ म्हणजे दर रविवारी दुपारी मासिकांच्या खोलीत जमणारी नऊ माणसं. प्रत्येकाने आपलं आवडतं गाणं आणावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, ही कल्पना माझी. प्रत्यक्षात प्रत्येकजण आपलं गाणं आणतो आणि दुसऱ्याचं वाजत असताना घड्याळ बघतो. गणिताच्या बाई तर ख्याल चालू असताना वह्या तपासतात आणि नेमक्या समेवर लाल रेघ ओढतात. मी मोबाइलवर गटही काढून पाहिला. चव्वेचाळीस मिनिटांचं गाणं पाठवलं, तर अकराव्या सेकंदाला लिफ्टकाकांचा निरोप आला, "अप्रतिम! शेवट तर फारच सुंदर." (या काकांनी निवृत्त होईपर्यंत इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. कुठे जरा घरघरलं की त्यांचा जीव खालीवर होतो.)

तुमची कॅसेट लावली त्या दिवशी मात्र खोली पहिल्यांदाच गप्प झाली. गाणाऱ्या बाईंनी षड्ज लावला आणि गणिताच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मी सगळ्यांना सांगितलं, की मागे तंबोऱ्यावर माझे मामा आहेत. नेहमीचा माणूस तापाने पडला म्हणून कारखान्यातून तसेच आलेले, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे. ("शेवटचे" म्हणताना माझा गळा जरा जास्तच भरून आला. कोपऱ्यातले आजोबा तुम्हाला श्रद्धांजली वाहायला उभे राहिले, मग सगळेच राहिले. मध्येच बोलणं बरं दिसेना. दुसऱ्या दिवशी मी गटावर खुलासा केला. त्यावर तीन अंगठे आले.)

त्याच दिवशी लिफ्टकाका म्हणाले, "फार जुनी आहे गं, मागे सारखी गुणगुण येते. दोन दिवस दे, स्वच्छ करून आणतो." मला वाटलं, फितीची खरखर म्हणत असतील.

संगणकाला म्हणे नको असलेल्या आवाजाचा नमुना आधी द्यावा लागतो. काकांनी सुरुवातीचं अर्धं मिनिट दिलं. "तेव्हा कोणी गातच नव्हतं ना, नुसती घरघर होती." मामा, ती घरघर तुम्ही होतात. सव्वा तासातून संगणकाने तुम्हाला तांदळातल्या खड्यासारखं वेचून काढलं. गाणाऱ्या बाई आता शिडी काढून घेतलेल्या माळ्यावर एकट्याच उभ्या राहून गातात. आणि काकांनी ते स्वच्छ गाणं परत त्याच कॅसेटवर भरलं. "मूळचं संगणकात असेल ना?" मी विचारलं. "छे गं, उगाच जागा अडते."

मंडळाने टाळ्या वाजवल्या. गणिताच्या बाई म्हणाल्या, "आता कसं, शब्द न् शब्द कळतो!" मला ओरडायचं होतं, पण काका इतके खुलले होते. दोन दिवस जेवणखाण विसरून बसले होते म्हणे. "मामांना माझी भेट म्हणून सांग हं," म्हणाले.

त्या संध्याकाळचा तुमचा एक फोटोसुद्धा नाही. होतात तेवढे त्या फितीतच होतात, आणि मी तुम्हाला वाटायला नेलं आणि पुसून आणलं. एवढं शिकून मला साधं "देणार नाही" म्हणता येऊ नये? मला लगेच माफ करू नका. आईने तर अजून केलेलं नाही.

तोंड दाखवायला जागा न उरलेली,
तुमची भाची

ता. क. कॅसेट परत पाठवत नाही, कारण मला ती लागणार आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही याल का? मी ती लावीन, तुम्ही शेजारी बसून सव्वा तास तंबोरा छेडायचा. तंबोरा मागून आणला आहे, गुडघ्यासाठी खुर्ची ठेवली आहे आणि फलकावर तुमचं नाव लिहूनही झालं आहे. (खरं तर पत्र याचसाठी. बाकीचं सगळं आईने तुम्हाला फोनवर केव्हाच सांगितलं असणार.)

आणखी एक. लिफ्टकाका विचारतात, मामांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवता येईल का, म्हणजे गाण्यात व्यत्यय येणार नाही. तुम्हाला न विचारताच मी नाही म्हणून सांगितलं. तुम्ही स्पीकरला अगदी टेकून बसायचं.