प्रुइटबाई कुंपणापलीकडे

२ ऑगस्ट

पाट बंद! सकाळी पाणीवाला आला आणि पाटाच्या दाराला कुलूप घालून गेला. खालच्या खोऱ्यातल्यांचा पाण्यावरचा हक्क आमच्या आधीचा, त्यामुळे ओढ्यात जे काही उरलंय ते त्यांचं. भांडायला जागाच नाही, तरी मी भांडले. "आर्डिथ, माझ्यावर काय डोळे वटारतेस? आभाळावर वटार!" म्हणाला. कॉफी न विचारता त्याला वाटेला लावलं.

गवताची एकच कापणी झाली. तीही कशीबशी.

५ ऑगस्ट

ऑरिनने जेवण संपवून विषय काढला. माझा धाकटा भाऊ पासष्टीला आला, पण वाईट बातमी अजून बशीकडे बघूनच सांगतो. "गायी काढाव्या लागतील, आर्डी."

मला ठाऊक होतंच. गवताचे भाव विचारून आलेय मी. अर्ध्या गायी विकून उरलेल्यांना पोसायचं, मग त्याही विकायच्या. त्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे.

९ ऑगस्ट

गेल्या. झाडून सगळ्या. लिलावाला अख्खा जिल्हा गायी घेऊन आलेला, मग भाव कसला मिळतोय!

आमची तपकिरी गाय, प्रुइटबाई, गाडीत चढेचना. शाळेत आम्हाला गणिताला मिसेस प्रुइट होत्या—तीच लांब हनुवटी, तीच 'तुला काही येत नाही' अशी नजर. वासरू उभं राहिलं आणि माझ्याकडे तसं बघितलं, तेव्हाच नाव पडलं. आज दोन माणसांनी ढकललं तरी हलली नाही. मग मी फळीवरून पुढे गेले, तर मुकाट माझ्यामागे आली. तेच मनाला लागलं. घरी येऊन रडले. ऑरिन बाहेर उगाच कुऱ्हाडीला धार लावत बसला.

२६ ऑगस्ट

कमाल आहे! शेजारच्या व्हॉसच्या कुरणात आमच्या गायी! प्रुइटबाई आणि अजून चार-पाच जणी. मांडीवर तापल्या लोखंडाने दिलेला आमचा डाग अजून तसाच. हा व्हॉस डॅलसहून आलेला, काचेच्या घरात राहणारा, बर्फावर घसरण्यासाठी डोंगर विकत घेणारा माणूस. गायीचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, हे तरी कळतं का त्याला?

ऑरिन म्हणाला, "अगं, गायीसाठी नाही, करासाठी घेतल्यात." जनावर चरतंय तोवर जमीन शेतीची, कर चिमूटभर. जनावर नाही तर बिगरशेती, आणि मग कर बंगल्यांच्या भावाने. रस्त्यावरचे सगळे बंगलेवाले हेच करतात. सजावटीच्या गायी!

मग ऑरिन म्हणाला, "आणि आपल्याकडे आता एकही नाही."

जमीन बिगरशेती झाली तर तो कर आमच्याने भरवणार नाही. विकावी लागेल. इतकं सरळ आहे ते.

१९ सप्टेंबर

ऑरिनची नवी अक्कल: "व्हॉसला विचार ना, पुढच्या उन्हाळ्यात थोडे दिवस गायी इकडे चरू दे म्हणावं. ओढ्याकाठी आपल्याकडे गवत येतंच."

मी? त्या माणसाकडे? माझ्याच गायींची भीक मागायला? मेले तरी नाही!

११ ऑक्टोबर

व्हॉस कुंपणापाशी बादली घेऊन उभा. त्याचं तळं आटलंय, घरातल्या नळाचं पाणी बादल्यांनी आणतो म्हणे. बूट चिखलाने भरलेले, कोट महागाचा.

"मॅडम, ही तपकिरी गाय मला सारखी ढुशी का मारते?"

"तुमचा चेहरा पसंत नसेल."

हसला! मग म्हटलं, दोन कानांच्या मधे खाजवा तिला. खाजवलं. प्रुइटबाईंनी डोळे मिटले, निर्लज्ज कुठली!

मग त्याने त्याच्या आणि आमच्या कुरणामधल्या फाटकाकडे बोट केलं. त्याच्या बाजूच्या खांबावर एकच खिळा ठोकलाय, तो कशाला? सांगितलं, फाटक उघडलं की साखळी खिळ्यावर अडकवायची. गवतात टाकली तर कापणीच्या यंत्रात जाते आणि पात्याचं वाटोळं होतं. आमच्याकडे पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात. शाळेतल्या पोरासारखी त्याने मान हलवली. मी जास्तच बोलले.

२० डिसेंबर

बर्फ नाही. डोंगर तपकिरी, मधोमध यंत्राने फवारलेल्या बर्फाची एक पांढरी पट्टी. त्या पट्टीवर अख्खं डेन्व्हर घसरायला आलंय. घसरणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर ऑरिन हिवाळ्यात कामाला असतो, त्याच्या पाळ्या निम्म्या केल्या. आगीच्या विमावाल्यांनी 'तुमच्याकडे धोका फार' म्हणून आम्हाला सोडलं. आणि खानावळीत अंडी सांगितली तर आचारी म्हणतो, "आर्डिथ, अंडी परवडत नाहीत ते सोड, इथलं घरभाडं परवडेना म्हणून मी स्वतः गाडीत झोपतोय." त्याला ख्रिसमसला घरी बोलावलं.

८ फेब्रुवारी

वर डोंगरावर पाऊस पडला. फेब्रुवारीत! पट्टीसुद्धा वाहून गेली.

६ मे

करखात्याचं पत्र. जमिनीची किंमत आकाशाला भिडलीय, कारण पलीकडे कुणी वेड्याने वेड्या भावात घर घेतलं. शिवाय खाली एक ओळ: जनावरं आढळली नाहीत, जमीन बिगरशेती करण्याचा विचार आहे.

ऑरिनने वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. "आपण काय करायचं, आर्डी?" म्हणाला. साठ वर्षांपूर्वी गांधीलमाश्यांच्या पोळ्यात हात घातला होता, तेव्हाही असाच विचारत आला होता.

१३ मे

कचेरीत गेले. खिडकीतल्या पोराला सांगितलं, गेल्या वर्षी गवत कापलं, पाणी बंद झालं म्हणून गायी काढल्या, आमची चूक काय? बरा होता पोरगा, पण त्याने हात वर केले. जूनच्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या जमिनी बघायला माणूस येईल. "त्या दिवशी काय दिसतं त्यावर आहे, बाई."

काय दिसणार? मी आणि ऑरिन. आम्ही गवत खात नाही.

४ जून

व्हॉसने नेमकं आजच विचारलं, "मॅडम, तब्येत बरी नाही का?" मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, गुरुवारी माणूस येतोय. तुमच्या सजावटीच्या गायी बघून तुमची जमीन शेतीची म्हणेल आणि चार पिढ्या गवत कापलेली आमची बिगरशेती! मग मी विकेन, आणि इथे तुमच्यासारखाच कुणीतरी येऊन काच लावेल. मनात साठलेलं सगळं बोलून मोकळी झाले. त्याने बादली उचलली आणि गेला.

ऑरिन म्हणतो, फार बोललीस. बोलले तर बोलले.

गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर बघा!

सकाळी खिडकीतून पाहते तर ओढ्याकाठी आमच्या गवतात गायी! सगळ्या! प्रुइटबाई मधोमध, जणू कधी गेल्याच नव्हत्या. हिला लहानपणापासून फाटकं ढकलायची खोड. ऑरिनला हाक मारली, तो बनियनवरच धावला. "हाकलू?" म्हणतोय. तोवर करखात्याची गाडी आलीसुद्धा.

आर्च्युलेटा नावाची तरुण बाई, पायात घट्ट बूट, हातात कागद अडकवलेली पाटी. गायींकडे पाहिलं, डाग पाहिला. "तुमचा डाग?"

ऑरिन म्हणाला, "हो." ते खरंच होतं. मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण वर्षभर मी ज्यांना नावं ठेवली त्यांच्यातलीच एक होऊ? म्हटलं, "डाग आमचा, गायी शेजाऱ्याच्या. फाटक तोडून आल्यात." ऑरिनने कपाळाला हात लावला.

ती बाई हसली. "गायी कुणाच्या ते मी विचारतच नाही हो. गवत कुणाचं खातायत?"

"आमचं."

"गेल्या वर्षी कापणी झाली?"

"एक."

"मग शेतीत खंड नाही." पाटीवर खूण केली. शेतीची! मी तिला मिठीच मारणार होते, पण मग कॉफी आणि केक दिला. चेरीचा. दोन तुकडे खाल्ले. जाताना कुंपणापलीकडे बघून म्हणाली, "तिकडे मात्र एकही जनावर नाही," आणि तिथेही काहीतरी लिहिलं.

व्हॉसची गाडी दारात नव्हती. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बावळटासारखे हसत राहिलो.

शुक्रवार

व्हॉस अजून आलेला नाही. आता त्याची जमीन बिगरशेती होणार, त्याचा कर बंगल्याच्या भावाने. भरेल, त्याला काय कमी आहे! तरी एका गायीने ढकललेल्या फाटकामुळे बिचाऱ्याला भुर्दंड.

शनिवार

गायी परत पाठवायला फाटकाशी गेले. फाटक कुठे मोडलेलं नाही. साखळी गवतात पडलेली नाही. व्हॉसच्या बाजूच्या खांबावर, खिळ्यावर, नीट अडकवून ठेवलीय.

प्रुइटबाईंना ते जमत नाही.