गाडी जाईपर्यंत

बाई, तुमच्याशी एकदा नीट भांडायचं राहून गेलं आहे. शाळेत असताना ते जमलं नाही, कारण मी तोंड उघडलं की तुम्ही एक प्रश्न विचारायचात, आणि त्याचं उत्तर शोधण्यात भांडणाची वेळ निघून जायची. मग मी पुण्याला गेले, आणि परत आले तोवर तुम्ही गेला होतात. आता मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे आणि वर्तमानपत्रात तिरकस लेख लिहिते. ज्या बोलण्यासाठी तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत त्याच बोलण्याचं आज मानधन मिळतं, हे तुम्हाला कळवायची फार इच्छा होती. तुम्ही काय म्हणाला असतात तेही माहीत आहे. "बाहेर उभी होतीस म्हणूनच लोकांना ऐकू आलं असेल."

यंदा झालं असं. खालापूरकडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, मूळचे आपल्या कर्जतचेच. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मेंदू आणि मन या विषयावर छोटे संशोधन प्रकल्प करायचे आणि त्यातला एक विद्यापीठाच्या फेरीला पाठवायचा, असा बेत होता. अशा प्रकल्पांची मी मागे एका लेखात टर उडवली होती, म्हणून सरांनी मलाच पकडलं. "टीका सोपी असते, मॅडम. आता विषय सुचवायला या, आणि परीक्षकही व्हा." गेले. निम्म्या मुलांनी 'मोबाइलचा तरुणांच्या मेंदूवर होणारा परिणाम' हा विषय घेतला होता. निष्कर्ष लिहून तयार होते, प्रयोग तेवढा व्हायचा होता. बाकीच्यांनी ध्यानाचे फायदे, संगीताचे फायदे, सकारात्मक विचारांचे फायदे घेतले होते. तोटे फक्त मोबाइलच्या वाट्याला. मी म्हटलं, अरे, खिडकीबाहेर बघा की जरा. रेल्वेचं फाटक पडलं की माणसाला किती वेळ थांबलो असं वाटतं आणि खरा किती गेला, ते मोजा. एकाच चटणीत नुसता लाल रंग जास्त घालून वडापाव खायला द्या आणि विचारा, कुठली तिखट? रात्रपाळी करून आलेला कारखान्यातला माणूस दुपारी झोपला तर जागा झाल्यावर किती चुका करतो ते बघा. शांतता हवी म्हणून शनिवारी मुंबईहून आपल्याकडच्या फार्महाउसवर येणारा माणूस सोबत कपाटाएवढा स्पीकर का आणतो, त्याच्या मेंदूत शांततेची जागा नेमकी कुठे असते, ते शोधा. मुलं हसली. सरांनी सगळं फळ्यावर लिहिलं, स्पीकरवालं तेवढं सोडून. कॉलेजला देणगी कोण देतं ते मला तेव्हा कळलं.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "मॅडम, आमी गाडीचं करू का? रेल्वेलायनीजवळच्या शाळेतल्या पोरांना गाडीच्या आवाजात कमी लक्षात राहतं का, ते?" मी मान वर केली. आपलीच शाळा. नंतर कळलं, तिची आई माझ्या मागच्या वर्गात होती, तुमचीच विद्यार्थिनी, म्हणून मग मी मॅडमची मावशी झाले. पोरीला पुढे मानसशास्त्रच शिकायचं आहे, मुंबईला जाऊन. आईने अट घातली होती, माझ्यासमोर पुन्हा सांगितली. "पोरांना शब्द वाचून दाखवायचे, याला अभ्यास म्हनायचं का गं? विद्यापीठात निवड झाली तर जा, मी आडवी येणार नाय. नायतर गुमान बँकेच्या परीक्षेला बस." म्हणजे त्या पोरीचं सगळं या एका गाडीवर होतं.

तुम्हाला माझा मुगाचा प्रयोग आठवतो? आठवीत मी मुगाच्या दोन वाट्या ठेवल्या होत्या. एकीला रोज आरती म्हणायची, दुसरीला शिव्या द्यायच्या. आरतीच्या मुगाला लांब मोड आले, शिव्यांचे खुरटले. मी दोन्ही वाट्या घेऊन ऐटीत तुमच्यासमोर आले. तुम्ही मुगाकडे पाहिलंच नाहीत, माझ्याकडे पाहिलंत. "पाणी कुठल्या वाटीला जास्त घातलंस?" मी म्हटलं, सारखंच. "मोजून?" मी वाट्यांत बघायला लागले. "तुला काय व्हायला हवं होतं ते तू आधीच ठरवलं होतंस. मग मुगाला कशाला त्रास दिलास?" सगळा वर्ग हसतो आहे आणि माझे कान तापले आहेत, हे आत्ता लिहितानाही जाणवतं. पण संध्याकाळी तुम्ही मला दहिवलीला घरी नेलंत. त्या बारक्या स्वयंपाकघरात तुम्ही दोन पातेल्यांत दोन उसळी केल्यात, मला पाटावर बसवलंत आणि डोळ्यांवर टॉवेल बांधलात. "खा आणि सांग, शिव्यांची कुठली?" मी अगदी ठामपणे सांगितलं. चुकलं. पुन्हा दिलीत, पुन्हा ठामपणे सांगितलं, बरोबर आलं. "आता तुला काय कळलं?" काहीच कळलं नाही, असं मी म्हटलं, तर तुम्ही खूश होऊन आणखी एक पळी उसळ वाढलीत. बक्षीस म्हणून उसळ देणारी माणसं मला पुढे आयुष्यात भेटली नाहीत. त्यावरही तुमच्याशी भांडता आलं असतं.

मुलीचा प्रयोग असा होता. ती आणि तिचा जोडीदार, हा मुलगा नुकताच कल्याणहून शेलूच्या नव्या इमारतीत राहायला आलेला, दोघांनी आळीपाळीने वर्गात शब्द वाचून दाखवायचे. काही वेळा शांतता असताना, काही वेळा गाडी जात असताना. मग मुलांनी आठवतील तेवढे शब्द लिहायचे. निकाल आला आणि सरांचा फोन. "मॅडम, उलटंच निघालं! गाडीच्या आवाजात मुलांना जास्त शब्द आठवले. रेल्वेमुळे स्मरणशक्ती वाढते! बातमी होईल." मी विचारलं, दोघांनी वाचलं त्या सगळ्यांत? "नाही, त्या मुलाचे निकाल आम्ही वगळलेत. त्याने वाचलं तेव्हा गाडीत मुलांना काहीच आठवलं नाही. आवाज बारीक आहे हो त्याचा." फ्लेक्ससुद्धा छापून झाला होता. त्यावर इंजिन, आणि इंजिनातून निघालेला मेंदू.

मला मूग आठवले. मी मुलीकडून वर्गातलं रेकॉर्डिंग मागवून घेतलं आणि घरी, लायनीपासून लांब, खुर्चीत बसून ऐकलं. मुलगा वाचतो आहे, गाडी येते, तो वाचतच राहतो, आवाज बुडतो. मुलगी वाचते आहे, कुंडी, फणस, चाळण, गाडी येते आणि मुलगी गप्प. नुसती गाडी. सगळी मालगाडी, घाट चढायला मागून लावलेल्या इंजिनांसकट. ती गेल्यावर, "चाळण, दोरी, ताट." बाई, मी खुर्चीतून उठलेच. गाडी आली की खडू धरलेला हात वर तसाच ठेवून तुम्ही थांबायचात, अख्खा वर्ग थांबायचा, आणि गाडी घाटाकडे गेली की शेवटचा शब्द पुन्हा म्हणून तुम्ही पुढे जायचात. "हरितद्रव्य", मग गाडी, मग "हरितद्रव्य पानाला हिरवा रंग देतं." तुमच्या हाताखाली शिकलेल्यांनी त्या शाळेत शिकवलं, त्यांच्या हाताखाली ही शिकली. तिच्या मुलांना गाडीने काहीच दिलं नव्हतं. गाडी जाईपर्यंत मुलं बिचारी मनातल्या मनात शब्द घोकत बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर तिला गाठलं. मार्गदर्शनाचं सगळं रेकॉर्ड करा, असं सरांनी बजावलं होतं, म्हणून तिने मोबाइल मध्ये ठेवला. मी विचारलं, "वाचताना गाडी आली तेव्हा तू काय केलंस?"

"काय करणार? वाचलं."

"थांबलीस का?"

"नाय."

मी रेकॉर्डिंग लावलं. ती कान देऊन ऐकत होती. "हे बघ, थांबलीस."

"थांबले नाय ओ मावशी. गाडी जात होती."

तिच्या लेखी ते थांबणं नव्हतंच. शेजारी तो शेलूचा मुलगा बसला होता. तो म्हणाला, "मला वाटलं, वाचायचंच असतं." मग मी तिला चांगलं सुनावलं. मुगाची गोष्ट सांगितली. प्रयोग म्हणजे काय, निष्कर्ष म्हणजे काय, गैरसोयीचे निकाल आवाज बारीक म्हणून टाकून देणं म्हणजे काय, सगळं. तुमचे प्रश्न माझे म्हणून वापरले, त्याबद्दल तुमची हरकत नसावी. तिचे डोळे भरून आले, पण आवाज चढला. "म्हंजे माझं सगळं खोटं? परवा निवड हाय. सर म्हनतात हेच मांडायचं. आईला काय सांगू?" मी म्हटलं, तू मांड, मी परीक्षक आहे, मी हाच प्रश्न सगळ्यांसमोर विचारीन. कठोर वाटेल तुम्हाला. नाही, तुम्हाला नाही वाटणार. तिने मोबाइल उचलला आणि ती निघून गेली. तो मुलगा मागे धावला.

निवडीच्या सकाळी माझ्याकडे आली. चेहऱ्यावर रडणं नव्हतं, काहीतरी शिजत होतं. "मावशी, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं तर चालंल का? मानसं वापरायची तर संमती लागते."

"त्यात काय आहे?"

"तुमी मला वरडताय, ते."

लाव की, मी म्हटलं. माझी वाक्यं चारचौघांत ऐकवली जाण्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

सभागृहात फ्लेक्स टांगलेला, पण इंजिनातून निघालेल्या मेंदूवर तिने पांढरा कागद चिकटवला होता. त्यावर हाताने लिहिलं होतं, 'आपण थांबतो का?' सर कपाळाला हात लावून पहिल्या रांगेत. ती सरळ म्हणाली की आधीचा निकाल चुकीचा होता, आणि कसा, ते सांगितलं. स्वतःचं वाचन ऐकवलं, मग मुलाचं. "त्याच्या आवाजात दोष नव्हता. दोष मोजण्यात होता. लायनीजवळ वाढलेल्या मानसाला आपण थांबलो हेच कळत नाय, असं मला वाटतं. शेलूत लायनीजवळ नवी आलेली मानसं हे कधी शिकतात, ते मला बघायचंय. आता तिसरा नमुना. यांनी अनेक वर्षं बाहेर काढलीत. संमती घेतलीय."

आणि माझा आवाज. खणखणीत. "निष्कर्ष आधी ठरवून प्रयोग", मग गाडी. लांबलचक, डबे संपता संपेनात. सभागृहातलं कुणी हललं नाही. मग मी, त्याच खणखणीत आवाजात, मध्ये काही झालंच नाही अशी, "प्रयोग करायचा नसतो. आणि तू थांबलीस हे तुला कळलंसुद्धा नाही!"

हशा थांबेना. सर डोळे पुसत होते. "सर, तुमचं पण हाय माझ्याकडं," ती म्हणाली, तेव्हा ते थांबले. लोकांना बोचकारण्यावर जगणाऱ्या बाईला एका पोरीने तिच्याच आवाजाने गप्प केलं होतं, आणि मला, खरं सांगते, इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी उठून सांगितलं की मी आता नमुना झाले आहे, मला गुण देता येणार नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसला. "कल्पना चांगली आहे. पण नमुना फार लहान आहे."

"वाढवते ना सर. आमच्याकडं गाड्यांना तोटा नाय."

तिचीच निवड झाली. त्या परीक्षकांनी निवडली, मी नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही पाणी कुणाला जास्त घातलंस म्हणून विचाराल. आई म्हणाली, "चुकलं ते सांगून निवड होते होय? आमच्या वेळी छडी मिळायची." बँकेच्या परीक्षेचं पुस्तक तिने सध्या लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं आहे.

हे मी कुठे पाठवणार नाही. दहिवलीच्या तुमच्या घराच्या जागी आता तीन मजले आणि लिफ्ट आहे, आणि तुमच्या हाती पडलं असतं तर निम्म्यावर लाल रेघ आली असती. भांडायचं म्हणून बसले होते, तेही राहिलंच. एक मात्र सांगून ठेवते. ते रेकॉर्डिंग मी त्या पोरीकडून मागून घेतलं आहे. अधूनमधून लावते. माझं बोलणं ऐकायला नाही, ते मला पाठ आहे. मधली गाडी ऐकते, आणि ती गेली की तुम्ही शेवटचा शब्द पुन्हा म्हणाल याची वाट बघते. म्हणते मात्र मीच.